संध्याकाळी पडणारी पापणी : उतारवयातला मायस्थेनिया ग्रेव्हिस

कागल तालुक्यातल्या एका मुलाने वडिलांबद्दल विचारलं आहे. वडील ७२ वर्षांचे, आयुष्यभर उसाची शेती केलेले. मागच्या पावसाळ्यापासून दिवस कलला की डावी पापणी खाली येते आणि एकाचे दोन दिसतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, फरक पडला नाही. मग अर्धांगवायूची शंका आली, एमआरआय काढला, तो वयाच्या मानाने ठीक निघाला. गेल्या महिन्यापासून जेवताना ठसका लागतो, बोलणं गेंगाणं होतं. कोल्हापुरातल्या न्यूरॉलॉजिस्टांनी मायस्थेनिया ग्रेव्हिस, म्हणजे वापराने स्नायू थकत जाण्याचा आजार, असं निदान करून पायरिडोस्टिग्मिनची गोळी सुरू केली आहे. मुलाचे प्रश्न असे: या वयात हा आजार होतो का? निदान पक्कं कसं करायचं? छातीतली ग्रंथी काढावी लागेल असं कुणीतरी सांगितलंय, ते खरं का? वडिलांना साखर आहे, मग स्टेरॉइड द्यावं का? आणि चैत्रात त्यांना जोतिबाला जायचंय, न्यावं का?

प्रश्नांच्या क्रमाने जात नाही. आधी ठसक्याचं बोलतो, कारण तुमच्या पत्रातली तीच गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. या आजारात पापणी पडणं त्रासदायक असतं, पण जिवाला धोका नसतो. गिळणं आणि बोलणं बिघडायला लागलं म्हणजे घशाचे स्नायू दमताहेत, आणि घशाच्या मागोमाग श्वासाचे स्नायू दमू शकतात. म्हणून पुढच्या तपासणीची तारीख महिनाभरावर असेल तर तेवढं थांबू नका. डॉक्टरांना फोन करा, ‘आता ठसका लागतोय, बोलणं गेंगाणं होतंय’ असं स्पष्ट सांगा आणि याच आठवड्यात दाखवा.

दरम्यान रोज एक साधी चाचणी घरी करा. बाबांना खुर्चीत ताठ बसवा, छाती भरून श्वास घ्यायला सांगा आणि त्याच एका दमात मोठ्याने आकडे मोजायला लावा, सेकंदाला साधारण दोन आकडे या गतीने. धडधाकट माणूस पन्नासच्या आसपास जातो, वय झालेल्यांचा आकडा थोडा कमी असतो. गोळीचा अंमल असताना, दिवस बरा असताना जो आकडा येईल तो कॅलेंडरवर लिहून ठेवा. तो रोज घसरायला लागला तर डॉक्टरांना कळवा. विशीच्या खाली आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा आणि पंधराच्या खाली आला तर घटकाभरही थांबू नका. उताणं झोपल्यावर गुदमरतं म्हणून रात्री उठून बसणं, दोन-तीन शब्दांनंतर थांबावं लागणं, खोकण्यात जोर नसणं, मान सावरेनाशी होणं, ही चिन्हंही तितकीच गंभीर. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर मात्र विसंबू नका. छातीचे स्नायू थकत असताना ऑक्सिजनचा आकडा बराच वेळ चांगलाच दिसतो. तो पडतो तेव्हा उशीर झालेला असतो. ‘मशीनवर सत्त्याण्णव दाखवतंय’ म्हणून घरी थांबलेली माणसं मी आयसीयूत व्हेंटिलेटरवर पाहिली आहेत.

आता या वयात होतो का, ते. होतो, आणि अनेकांना वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. या आजाराची दोन वयं आहेत. एक तरुणपणाचं, त्यात बायकांचं प्रमाण जास्त. दुसरं पन्नाशीनंतरचं, त्यात पुरुष जास्त. साठी-सत्तरीत पहिल्यांदा सुरू झालेला मायस्थेनिया ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. अमिताभ बच्चन यांना हा आजार झाल्याचं बऱ्याच घरांत ठाऊक असतं, पण ते तेव्हा चाळिशीत होते. त्यामुळे आजोबांची पापणी पडली की हे नाव कुणाच्या मनात येत नाही. वय झालं, मोतीबिंदू असेल, अशक्तपणा असेल, असं म्हणत महिने जातात. तुमच्याकडे तेच झालं. यात तुमचा दोष नाही. म्हाताऱ्या माणसाच्या प्रत्येक तक्रारीला वयाचं लेबल लावायची सवय आपल्या घरांत आहे, तशी दवाखान्यांतही आहे.

ओळखायची खूण एकच, पण पक्की आहे: वेळेनुसार बदलणं. वयाने सैल पडलेली पापणी सकाळी आणि संध्याकाळी सारखीच असते. अर्धांगवायू अचानक येतो आणि सकाळी बरा, रात्री वाईट असा खेळ करत नाही. साखरेमुळे डोळ्याची नस दुखावली तर पापणी पडते, दोन दिसतात, पण तेही दिवसभर तसंच राहतं. मायस्थेनियात मात्र झोपून उठल्यावर माणूस बरा असतो आणि वापर होईल तसा तो स्नायू थकत जातो. पापणी आज डावी, महिन्याने उजवी. बाहुली नेहमीसारखी असते, अंगाला मुंग्या येत नाहीत, दुखत नाही. वापराने वाढणारा आणि विश्रांतीने उतरणारा अशक्तपणा कुठल्याही वयात ‘म्हातारपण’ म्हणून सोडून द्यायचा नसतो.

तपासताना आम्ही हेच बघतो. रुग्णाला मान न हलवता छताकडे बघत राहायला सांगतो. वीस सेकंद, तीस सेकंद जातात, आणि पापणी मिलिमीटर मिलिमीटरने खाली सरकायला लागते. तो कपाळाला आठ्या घालून ती वर ओढून धरतो, तरी ती येतेच. मग बर्फाचे खडे रुमालात गुंडाळून मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं धरतो. काढल्यावर पापणी दोन मिलिमीटर किंवा जास्त उचललेली दिसली तर शंकेला चांगलाच जोर येतो, कारण गारव्यात नस आणि स्नायू यांच्यातला निरोप जास्त नीट पोचतो. ही चाचणी फुकट आहे, खेड्यातल्या दवाखान्यातही होते, आणि ती इतकी कमी केली जाते याचं मला वाईट वाटतं.

आजार नेमका कुठे आहे ते शेतकऱ्याच्या घरात सांगणं सोपं जातं. मोटर चालू आहे, पाणी पाटात आलंय, पण सरीत पाणी शिरायची दारं कुणीतरी बुजवून टाकली आहेत. मेंदू ठीक, नस ठीक, स्नायूही ठीक. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायूवरच्या ग्राहकांना, म्हणजे रिसेप्टरना, जाऊन चिकटतं, तेव्हा स्नायू आखडतो. आपल्याच शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी हे ग्राहक अडवतात आणि नष्ट करतात. पायरिडोस्टिग्मिनची गोळी ते रसायन लवकर मोडू देत नाही, म्हणजे पाणी पाटात जास्त वेळ तुंबून राहतं आणि उरलेल्या दारांतून थोडं जास्त आत जातं. दारं बुजवणं थांबवायचं काम स्टेरॉइड आणि त्यासारख्या औषधांचं. हा फरक लक्षात ठेवलात तर पुढची सगळी औषधं समजतील.

निदान पक्कं करायला रक्तातल्या ॲसिटिलकोलिन रिसेप्टर अँटिबॉडी तपासतात. आजार अंगभर पसरलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांत ही तपासणी पॉझिटिव्ह येते. फक्त डोळ्यांपुरता असेल तर जेमतेम निम्म्यांत. म्हणून अहवाल निगेटिव्ह आला तरी आजार नाही असं होत नाही. मग मस्क नावाच्या दुसऱ्या अँटिबॉडीची तपासणी करतात, किंवा नसेला पुन्हा पुन्हा सौम्य विजेचे झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद घटतो का ते बघतात. त्या तपासणीआधी सकाळची गोळी थांबवायची का, ते डॉक्टरांना विचारा. ठसका लागत असताना स्वतःच्या मनाने थांबवू नका. सोबत थायरॉइडची तपासणी करून घ्या, हे दोन आजार बऱ्याचदा एकाच माणसात नांदतात. आणखी एक: हा आजार संसर्गाने पसरत नाही आणि वारशाने मुलांकडे येत नाही. नातवाला आजोबांच्या ताटातलं खाऊ द्या.

छातीतल्या ग्रंथीचं जे तुम्हाला सांगितलं गेलं, ते अर्धं खरं आहे. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. मायस्थेनियाच्या १० ते १५ टक्के रुग्णांत तिच्यात गाठ निघते. म्हणून छातीचा सीटी स्कॅन प्रत्येकाचा व्हायलाच हवा, वय कितीही असो. गाठ निघाली आणि प्रकृती झेपणारी असली तर ऑपरेशन करावं लागतं. गाठ नसेल तर गोष्ट वेगळी. गाठ नसताना ग्रंथी काढल्याने फायदा होतो हे दाखवणारी मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली, पण तिच्यात १८ ते ६५ वयाचेच रुग्ण घेतले होते. बहात्तरीच्या माणसाला त्या आधारावर ऑपरेशनला घालणं मला पटत नाही. बाबांचा स्कॅन स्वच्छ असेल तर हा विषय बंद करा.

आता गोळी. हिचा जन्म वाचण्यासारखा आहे. १९३४ साली लंडनच्या ग्रिनिच भागात मेरी वॉकर या डॉक्टरबाईंनी एका रुग्णाला फायसोस्टिग्मिनचं इंजेक्शन दिलं आणि पडलेली पापणी उघडली. तोवर या आजारावर हातात फारसं काही नव्हतं. आजची पायरिडोस्टिग्मिन त्याच कुळातली. पोटात गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासात काम सुरू करते आणि तीन-चार तास टिकते. म्हणून घड्याळापेक्षा जेवणाशी तिची सांगड घाला. बाबा साडेबाराला जेवत असतील तर गोळी बाराच्या आत. जेवून झाल्यावर घेतली तर घशाला तिचा काहीच उपयोग होत नाही, आणि बहुतेक घरांत ‘गोळी जेवल्यावर’ या सवयीने नेमकं तेच होतं. रिकाम्या पोटी मळमळलं तर सोबत एखादं बिस्किट चालेल.

म्हाताऱ्या माणसात अर्ध्या गोळीपासून सुरुवात करून हळूहळू वाढवतात. पोटात मुरडा, जुलाब, तोंडाला पाणी सुटणं, स्नायू फडफडणं हे तिचे त्रास. नाडी आधीच मंद असेल, दमा असेल किंवा प्रोस्टेटमुळे लघवी तुंबत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशक्तपणा वाढला म्हणून मनानेच गोळ्या वाढवत नेऊ नका. गोळी जास्त झाली तरी स्नायू कमजोर होतात, लाळ आणि कफ वाढतो, आणि मग आजाराने झालं की औषधाने, हे ओळखणं अवघड होतं.

जेवणाबद्दल. तुमच्या बाबांना बसवून एकदा पूर्ण जेवण होईपर्यंत शेजारी थांबा. पहिली अर्धी भाकरी ठीक जाते. मग चावणं मंदावतं, हनुवटीखाली हात जातो, घास गालात साठतो, त्यावर ते पाणी पितात आणि ठसका लागतो. त्यात पाण्यासारखे पातळ पदार्थ सगळ्यात अवघड. पांढरा रस्सा, ताक, पाणी घशातून इतक्या वेगाने जातं की थकलेल्या स्नायूंना श्वासाची वाट वेळेत बंद करता येत नाही. दाट आमटीत मुरलेली कुस्करलेली भाकरी, मऊ भात, घट्ट दही, खिमट हे बरं जातं. हनुवटी किंचित खाली घेऊन गिळायचं, जेवताना गप्पा नाहीत, टीव्ही नाही. मुख्य जेवण सकाळच्या बाजूला ओढा आणि रात्रीचं हलकं ठेवा. एवढं करूनही ठसका थांबत नसेल तर नाकातून नळी घालायला भिऊ नका. ती काही आठवड्यांची सोय असते, आणि अन्न फुप्फुसात जाऊन होणाऱ्या न्यूमोनियापेक्षा ती हजार पटींनी बरी.

साखर आहे म्हणून स्टेरॉइड नको, हे मी मान्य करणार नाही. नुसत्या गोळीवर घसा सांभाळला जात नसेल तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लागेल. ते कसं द्यायचं यात कसब आहे. पहिल्या एक-दोन आठवड्यांत स्टेरॉइडने आजार उलट वाढू शकतो. म्हणून वयस्कर माणसात, आणि घसा गुंतलेला असताना तर नक्कीच, कमी डोसपासून सुरू करून पायरीपायरीने वाढवतात, किंवा रुग्णाला ॲडमिट करूनच देतात. साखर सकाळी उपाशीपोटी तपासून समाधान मानू नका. सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडने साखर दुपारनंतर चढते, म्हणून संध्याकाळच्या जेवणाआधी तपासा. सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे हवा, जुना टीबी लपलेला असू शकतो. हाडांसाठी कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व, डोळ्यांचा दाब, रक्तदाब यांवर लक्ष. आणि एकदा काही आठवडे चालू झालं की एक दिवसही अचानक बंद करायचं नाही.

स्टेरॉइडचा डोस पुढे कमी करता यावा म्हणून बहुधा अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध जोडतात. त्याचा गुण यायला सहा महिने ते वर्ष लागतं, त्यामुळे ‘तीन महिने घेतलं, काही फरक नाही’ म्हणून सोडू नका. रक्तातल्या पेशी आणि लिव्हर ठरलेल्या वेळी तपासत राहा. बाबांना गाऊटसाठी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट चालू असेल तर ते आधी सांगा. ही जोडी रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणते.

आता ज्या गोष्टीसाठी हे उत्तर एवढं लांबवलं, ती. उतारवयातल्या मायस्थेनियाच्या रुग्णाकडे औषधांची एक पिशवी असते: रक्तदाबाची, साखरेची, हृदयाची, डोळ्यांची. शिवाय सर्दी-खोकला झाला की गावातला दवाखाना जवळ असतो. श्वासाचा झटका, म्हणजे श्वासाचे स्नायू थकून दम अपुरा पडणं, बऱ्याचदा साध्या छातीच्या इन्फेक्शनने सुरू होतो आणि त्यासाठी दिलेल्या अँटिबायोटिकने वाढतो. जेंटामायसिन, ॲमिकासिन ही इंजेक्शनं टाळायची. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या कुटुंबावर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०११ साली मायस्थेनियाबद्दल सर्वात ठळक इशारा छापायला लावला. खोकल्यासाठी सर्रास दिली जाणारी ॲझिथ्रोमायसिनही टाळायच्या यादीत. त्यापेक्षा पेनिसिलिन किंवा सेफालोस्पोरिन गटातली औषधं बरी. इन्फेक्शनवर उपचार करायचाच, तो लांबवायचा नाही; फक्त औषध निवडून द्यायचं. शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम, पायात गोळे येतात म्हणून दिलेलं क्विनीन, क्लोरोक्विन, बोटॉक्सची इंजेक्शनं हीसुद्धा त्यातलीच.

दोन ठिकाणं हमखास निसटतात. एक, काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब. डोळ्यात घालायचं औषध म्हणून त्याचं नाव कुणी घेत नाही, पण ते बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती कमी करणाऱ्या गटातलं औषध आहे, डोळ्यातून रक्तात जातं आणि हा अशक्तपणा वाढवू शकतं. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कुठले थेंब चालू राहिले ते बाटली वाचून बघा. दुसरं, त्याच गटातल्या मेटोप्रोलॉलसारख्या हृदयाच्या गोळ्या. त्या परस्पर बंद केल्या तर हृदयाला धोका, म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. कोलेस्टेरॉलची गोळी क्वचित त्रास देते. तीही विचारल्याशिवाय सोडायची नाही. पुढे कुठलंही ऑपरेशन ठरलं, अगदी दात काढायचा असला तरी, भूलतज्ज्ञांना आणि दंतवैद्यांना आजाराचं नाव आधी सांगा. एका जाड कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत आजाराचं नाव, चालू औषधं, टाळायची औषधं आणि डॉक्टरांचा फोन लिहा. एक प्रत बाबांच्या खिशात, एक गावातल्या डॉक्टरांकडे, एक मेडिकलवाल्याकडे.

फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस, दोन्ही घ्या. स्टेरॉइड किंवा अझाथायोप्रिन चालू असताना जिवंत विषाणूच्या लसी मात्र नकोत.

आपल्या भागापुरती एक गोष्ट सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला तेव्हा बाहेरून येणारा माल अडकला होता. पायरिडोस्टिग्मिन प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. जूनच्या अखेरीस घरात किमान महिनाभराच्या गोळ्या आणि स्टेरॉइड असू द्या.

जोतिबाला न्या, पण चैत्र यात्रेच्या गर्दीत आणि उन्हात नको. उष्णतेने हा अशक्तपणा वाढतो. इतर कुठल्याही दिवशी सकाळी लवकर, गोळीचा अंमल असताना, गाडीने वर जा. पायऱ्या सावकाश, मध्ये बसत. ठसका पूर्ण थांबल्यावरच. दोन दिसत असतील तोवर मोटारसायकल त्यांच्या हातात देऊ नका. चष्म्याच्या एका काचेवर पांढरी चिकटपट्टी लावली तर दोनाचं एक होतं, वाचन आणि घरातलं चालणं सोपं जातं. नवरात्राचे कडक उपवास साखर आणि स्टेरॉइड असताना नकोत.

पुढे काय, हेही तुमच्या मनात असणार. हा आजार असलेल्यांपैकी १५ ते २० टक्के लोकांना कधी ना कधी श्वासाचा झटका येतो, आणि तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत. तसं झालं तर इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडीचं शिरेतून द्यायचं औषध) किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला अँटिबॉडी असलेला द्रव काढून बदलणं) लागतं. इम्युनोग्लोब्युलिन वजनाच्या किलोमागे दोन ग्रॅम या हिशोबाने काही दिवसांत देतात, त्याचा खर्च लाखांत जातो, आणि वयस्कर माणसात किडनी आणि रक्ताच्या गुठळ्या सांभाळाव्या लागतात. प्लाझ्मा एक्स्चेंज स्वस्त पडतं, पण मोठ्या शिरेत नळी लागते आणि रक्तदाब घसरू शकतो. कुठलं द्यायचं ते त्या वेळी हृदय आणि किडनी बघून ठरतं. खर्चासाठी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा योजनेतल्या कुठल्याही हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला आधीच भेटा, बाबांचं रेशनकार्ड आणि आधार घेऊन, आणि सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत काय बसतं ते आताच विचारून ठेवा. झटका आल्यावर कागद गोळा करायला वेळ मिळत नाही.

उतारवयात सुरू झालेला हा आजार औषधांना चांगली साथ देतो, बऱ्याचदा तरुणांपेक्षा कमी डोसमध्ये. वर्ष-दीड वर्षात पुन्हा शेतावर फेरी मारायला लागलेले सत्तरीतले रुग्ण माझ्याकडे येतात. या आठवड्यात डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी बरोबर घ्या: एका दमातल्या मोजणीचे रोजचे आकडे, घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी थेंबांच्या बाटल्यांसकट, आणि संध्याकाळी जेवताना मोबाइलवर काढलेला बाबांचा दोन मिनिटांचा व्हिडिओ. सकाळच्या ओपीडीत ते बरेच दिसतील, म्हणून तो व्हिडिओ दाखवाच.